कोयत्याचा कागद

वाचक विचारतात, बाई सांगतात

गेल्या अंकात मी ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड राज्यातल्या ऊसपट्ट्यावर दोन पानं लिहिली आणि घरी पत्रांचा ढीग लागला. व्हॉट्सॲपवर आलेले प्रश्न वेगळेच. सगळ्यांना पुरी पडणं शक्य नाही, म्हणून सात निवडले. लांबलेली पत्रं कापली आहेत. गावाचं नाव ठेवलंय, माणसाचं काढलंय, कारण दोघांनी बजावून लिहिलं होतं, "नाव छापू नका, आमचा मुकादम हे मासिक वाचतो." (मुकादम म्हणजे ऊसतोडीची टोळी जमवून कारखान्याला नेणारा.)

बाई, दोन महिने ऑस्ट्रेलियात राहून आलात आणि सिडनीचं ऑपेरा हाऊस सोडून ऊस बघून आलात म्हणे. आपल्याकडं ऊस कमी पडला काय? (तुमचा जुना विद्यार्थी, धारूर)

तू शाळेतही असाच पाठीमागच्या बाकावरून विचारायचास, अक्षर ओळखलं.

माझी लेक टाऊन्सव्हिलला दवाखान्यात नर्स आहे. तिथून सिडनी दोन हजार किलोमीटरच्या आसपास. म्हणजे धारूरहून दिल्ली ओलांडून पलीकडं जावं तसं. आणि टाऊन्सव्हिलच्या उत्तरेला गाडी काढली की दोन तासांच्या आत दोन्ही अंगांना ऊसच ऊस. जावई म्हणाले, "आई, तुम्हाला रीफ दाखवतो, मासे, प्रवाळ." मी म्हटलं, ते नंतर. आधी तो ऊस तोडला कुणी ते बघू.

तुला माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगते. माझे आईवडील ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की बैलगाडीत भांडी, बाजरी, शेळी आणि धाकटा भाऊ घालून सांगलीकडं. मी आजीपाशी राहिले म्हणून शिकले. भाऊ फडात वाढला, म्हणून त्याची शाळा दुसरीतच सुटली. घरात आता एकच कोयता उरलाय, आईचा. दादांचा, म्हणजे वडिलांचा, कुठं गेला कुणाला ठाऊक नाही. आईचा तो बरोबर न्यायचं माझ्या मनात होतं. लेक फोनवर ओरडली, "आई, विमानतळावर काय सांगशील?" मग मी तो वर्तमानपत्रावर आडवा ठेवला आणि पेन्सिलनं कड उतरवून घेतली. पातं कुठं वळतं, मूठ कुठं संपते, मुठीवरची चिंधी कुठवर येते, सगळं. घडी घातली आणि पासपोर्टच्या पाकिटात ठेवली. तो कागद पुढं कामाला आला, ते खाली मुकादमांच्या उत्तरात येईल.

इतिहासाच्या प्रकल्पासाठी विचारते. ऑस्ट्रेलियात ऊस गुलामांकडून तोडून घेत असत, हे खरं आहे का? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, अंबाजोगाई)

'गुलाम' हा शब्द वापरावा की नाही यावर तिथंच वाद आहे. प्रकल्पात तो वाद लिही, मार्क मिळतील. कागदोपत्री ते कराराचे मजूर होते. त्यांचे नातू-पणतू बऱ्याचदा सरळ गुलामगिरीच म्हणतात.

सुरुवात उसापासून झाली नाही, कापसापासून झाली. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं, जगात कापसाचा दुष्काळ पडला होता. त्याच वर्षांत आपल्या वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला न भूतो असा भाव आला होता, हे तू वाचलं असशील. त्याच भावावर डोळा ठेवून रॉबर्ट टाऊन्स नावाच्या सिडनीच्या व्यापाऱ्यानं क्वीन्सलंडमध्ये कापूस लावला आणि ऑगस्ट १८६३ मध्ये डॉन हुआन नावाच्या जहाजातून पॅसिफिक बेटांवरचे ६७ जण मजुरीला आणले. युद्ध संपलं, कापूस पडला, ऊस वाढला, पण माणसं आणायची वाट तशीच चालू राहिली. १९०४ पर्यंत सुमारे ६२,००० माणसं आली. बहुतेक आजच्या वानुआतू आणि सॉलोमन बेटांवरची, बहुतेक तरुण पुरुष. सुरुवातीला कितीतरी जणांना फसवून जहाजावर चढवलं, काहींना सरळ पळवलं. पुढं पुढं अनेक जण समजून-उमजून आले, काही तर दुसऱ्यांदा आले. हेही लिही, नाहीतर अर्धीच गोष्ट होईल.

करार तीन वर्षांचा. पगार वर्षाला सहा पौंड, तोही बहुधा मुदत भरल्यावर हातात. परत जाणारा माणूस एक लाकडी पेटी घेऊन जायचा: त्यात कापड, कुऱ्हाड, तंबाखू. तिथल्या एका जुन्या फोटोत अशा पेट्या घेऊन किनाऱ्यावर बसलेली माणसं आहेत. मला पट्टा पडल्यावर, म्हणजे तोडणीचा सीझन संपल्यावर, गावी येणाऱ्या गाड्या आठवल्या. आई दर वर्षी एक नवं पातेलं आणायची, आणि आख्खी आळी ते हातात घेऊन वाजवून बघायची.

नावांचं मात्र ध्यानात ठेव. मळ्याच्या वहीत माणसाचं खरं नाव लिहायचा त्रास कोण घेणार? टॉमी हे कुणाचंही नाव आणि टॅना हे बेटाचं नाव, की झाला 'टॉमी टॅना'. पुढं तर बेटावरच्या कुठल्याही मजुराला सरसकट टॉमी टॅना म्हणू लागले. आपल्याकडं मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून 'एक कोयता' होतात, तसंच काहीसं.

मेले किती, तर अंदाजे १५,०००. मुख्यतः जुलाब, गोवर आणि छातीच्या रोगांनी, कारण त्या रोगांशी त्यांच्या शरीराची कधी गाठ पडलेली नव्हती. मेलेल्यांचा राहिलेला पगार घरच्यांपर्यंत बहुतेक वेळा गेलाच नाही, सरकारी फंडात जमा झाला. १९०१ मध्ये ऑस्ट्रेलियाची राज्यं एक झाली. नव्या संसदेनं पहिल्या काही कायद्यांतच 'देश गोऱ्यांचा' हे ठरवून टाकलं आणि बेटवासीयांना परत पाठवायचा कायदा केला. तिथंच लग्न करून, लेकरं होऊन बसलेल्यांनी राजाकडं अर्ज केले. तरी १९०६ ते १९०८ मध्ये सात हजारांहून जास्त माणसं परत धाडली. त्या खर्चातला काही भाग त्याच मेलेल्यांच्या पगाराच्या फंडातून झाला. हे वाक्य मी वहीत दोनदा लिहून घेतलं.

दोन-अडीच हजार माणसं मागं राहिली. त्यांच्या वंशजांना वेगळा समाज म्हणून केंद्र सरकारनं मान्यता दिली १९९४ मध्ये.

बघायला काय उरलंय? बंडाबर्ग गावाजवळ मॉन रेपो नावाचा समुद्रकिनारा आहे. लोक तिथं रात्री कासवं अंडी घालताना बघायला जातात. त्याच किनाऱ्यालगत एक दगडी बांध आहे. मळ्यासाठी जमीन साफ करताना निघालेले काळे दगड या मजुरांनी एकावर एक रचले. चुना नाही, माती नाही, नुसता दगडाला दगड. आपल्या डोंगरपट्ट्यात शेतात गडगा घालतात, अगदी तसा. आता तो राज्याच्या वारसा यादीत आहे. मी हात लावून बघितला, उन्हानं तापला होता. शेजारी शाळेची सहल आली होती आणि पोरं कासवांबद्दल विचारत होती.

जाता जाता: माझ्या लेकीचं शहर, टाऊन्सव्हिल, हे नाव त्याच रॉबर्ट टाऊन्सचं.

मी वीस वर्षं मुकादम होतो. तिकडं टोळी कशी असायची, उचल किती, मुकादमाला काय सुटायचं? खरं लिहा, शिव्या घालू नका. (गेवराई)

शिव्या कशाला घालीन? माझ्या चुलत्यानंही दोन सीझन मुकादमकी केली आणि चार एकर विकून बाहेर पडला.

तुमच्या धंद्याचा खरा भाऊबंद तिथं १८६३ ते १९०४ च्या काळात सापडतो, तो म्हणजे माणसं गोळा करणारा जहाजाचा कप्तान आणि त्याचा दलाल. बेटावर भेटवस्तू द्यायच्या, माणूस उचलायचा, मळेवाल्याकडून डोक्यामागं पैसे घ्यायचे. ते बंद झाल्यावर गोऱ्या माणसांच्या आणि इटालियन लोकांच्या टोळ्या आल्या, आणि तिथं तुमचं पान कापलं गेलं. आठ-दहा बाप्ये एकत्र यायचे, आपल्यातलाच एक म्होरक्या नेमायचे, शेतकऱ्याशी टनावर ठरवायचे. म्होरक्याही कोयता चालवायचा. स्वयंपाकी ठेवायचे, त्याचा पगार सगळ्यांनी मिळून द्यायचा. पाठीमागं संघटना असायची. उचल, म्हणजे सीझनआधी मजुराला दिलेली आगाऊ रक्कम, नव्हती. त्यामुळं सीझन संपल्यावर 'अजून फिटली नाही' हे वाक्यही नव्हतं.

बायका नव्हत्या. ही गोष्ट तिथल्या लोकांना समजावून सांगताना माझी दमछाक झाली. आमच्याकडं बाई पहाटे तीनला भाकरी थापून फडात जाते, पुरुषाइतकीच तोडते, मोळी डोक्यावर घेऊन शिडीनं ट्रकवर चढते आणि तरी हिशेबात अर्धा कोयता असते, हे ऐकून तिथली एक म्हातारी म्हणाली, "आणि स्वयंपाकी?" मी म्हटलं, तीच.

आता कागदाची गोष्ट. इनिसफेल गावाच्या अलीकडं मोरिल्यन म्हणून छोटं गाव आहे, तिथं साखर उद्योगाचं संग्रहालय आहे. वाफेची यंत्रं, रुळावरच्या छोट्या गाड्या, जुने फोटो. भिंतीवर ऊस तोडायचे सुरे लावलेले. मी पाकिटातून कागद काढून त्यातल्या एकाशी धरला. तिथं बसणाऱ्या आजोबांनी ते बघितलं, उठून आले आणि एक सुरा टेबलावर काढून दिला. मी कागद पसरला, त्यांनी सुरा त्यावर ठेवला. त्यांचं पातं रुंद, पुढं आडवं कापल्यासारखं, आणि पाठीला एक आकडा. पाचट ओढून काढायला तो आकडा. आपलं पातं वाकडं, त्याला आकडा नाही; पाचट आपण पात्याच्या पाठीनंच सोलतो. लांबी जवळपास सारखी. आजोबांनी कागदावरच्या मुठीवर बोट ठेवून विचारलं, ही रेघ कसली? मी म्हटलं, आईनं जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली होती, घामानं मूठ निसटू नये म्हणून. त्यांनी आपला सुरा उलटा करून दाखवला. मूठ गुळगुळीत, वार्निश केलेली. म्हणाले, "आम्ही फार स्वच्छ केलं." त्यांचे वडील सिसिलीहून येऊन ऊस तोडायचे.

रोगाचंही सांगते, कारण तुम्ही फडात उंदीर-घुशी बघितल्या असतील. १९३० च्या दशकात तिथं तोडणाऱ्यांना एक ताप येऊ लागला. अंग पिवळं पडायचं, माणसं दगावायची. उंदरांच्या मुतानं ओली झालेली पाचट, आणि हातापायाला पात्यांचे कापे. त्यातून तो शरीरात जायचा. आपण ज्याला लेप्टो म्हणतो त्यातलाच हा प्रकार. टोळ्या म्हणाल्या, आधी उभा ऊस जाळा, मग तोडतो. मालक म्हणाले, जळक्या उसाचं वजन आणि साखरेचा उतारा घटतो. १९३५ मध्ये इनिसफेल, टली भागात मोठा संप झाला. तो मोडला, पण ऊस जाळून तोडायची रीत पुढं सगळीकडं रुळली.

शेवटी सगळ्यांचाच पत्ता यंत्रानं कापला. बंडाबर्गच्या टॉफ्ट बंधूंनी ऊसतोडणीची यंत्रं बनवली, आणि १९७० च्या दशकाअखेर हातानं तोडलेला ऊस जवळपास संपला. तुमच्या शिवारात हल्ली हार्वेस्टर येतं ना, त्याच्या अंगावर 'ऑस्टॉफ्ट' लिहिलेलं असेल तर नीट बघा. त्या नावातला टॉफ्ट तोच.

आता उत्तरेकडं पाचट जाळत नाहीत, रानात पसरून ठेवतात. दक्षिणेकडच्या बर्डेकिन भागात, जिथं पाटाचं पाणी आहे, तिथं अजून जाळतात. आमच्या कृषी सहायकानं विचारलं होतं म्हणून इथंच सांगून टाकलं.

त्या भागात शीख लोक ऊस तोडायला होते असं ऐकलं. तिथं गुरुद्वारा आहे का? (नांदेड)

होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून पंजाबी माणसं उत्तर क्वीन्सलंडमध्ये उसाच्या कामाला होती. त्यातली बरीच पुढं दक्षिणेला न्यू साउथ वेल्समधल्या वुलगुलगा गावी गेली आणि केळीच्या बागांत रमली. ऑस्ट्रेलियातला पहिला गुरुद्वारा तिथंच १९६८ मध्ये झाला. मी गेले नाही, फार लांब. तुम्ही हुजूर साहिबच्या गावचे, तुम्ही जाऊन या आणि आम्हाला लिहा.

जुलैमध्ये लेकाकडं टाऊन्सव्हिलला जाणार आहोत. गुडघे दोघांचेही दुखतात. चार दिवसांत काय बघावं? काय न्यावं? (निवृत्त डॉक्टर दांपत्य, लातूर)

जुलै उत्तम. थंडी आपल्या दिवाळीसारखी, कारखाने चालू, समुद्रात डंख मारणाऱ्या जेलीफिशचा मोसमही नसतो. तो साधारण नोव्हेंबर ते मे.

पहिल्या दिवशी इंगम. टाऊन्सव्हिलपासून ११० किलोमीटर. गावात शिरताच गोड, जरा आंबूस वास येईल. रेणापूरच्या बाजूनं जाताना येतो तोच, तुम्हाला घरी आल्यासारखं वाटेल. बारकी रेल्वे रस्ता ओलांडून जाताना दिसेल, जाळीचे डबे, पाठोपाठ शंभरेक. रूळ दोनच फूट रुंद आणि क्वीन्सलंडभर असे सुमारे ४,००० किलोमीटर. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या लावून रस्ता अडवण्याची भानगडच नाही. डॉक्टरीणबाई, इंगमचं स्मशान बघायला लाजू नका. इटालियन कुटुंबांनी आपल्या माणसांसाठी फरशा लावून, दारं-जाळ्या बसवून घरांसारख्या समाध्या बांधल्यात, आत फोटो, ताजी फुलं. जे बापे झोपड्यांत राहिले त्यांना मेल्यावर पक्की घरं मिळाली, असं माझे जावई म्हणाले आणि मग गप्प झाले.

वॉलमन धबधबा तिथून पन्नासेक किलोमीटर. एकाच झेपेत २६८ मीटर, त्या देशात याहून उंच बारमाही धबधबा नाही. वरच्या कठड्यावरून बघा आणि खाली उतरायच्या भानगडीत पडू नका, मी उतरले आणि पुढचे दोन दिवस लेकीच्या घरी गरम पाण्याची पिशवी घेऊन बसले.

टली गावात सोनेरी रंगाचा गमबूट आहे, ७.९ मीटर उंच, आत गोल जिना. तो एवढाच का? तर १९५० मध्ये त्या गावात एका वर्षात एवढा पाऊस पडला, ७,९०० मिलिमीटर. आपल्याकडं सातशे पडला तर आपण वर्ष बरं गेलं म्हणतो. मी त्या बुटाखाली उभं राहून फोटो काढला आणि भावाला पाठवला. त्यानं लिहिलं, "यातलं एक बोट इकडं पाठव."

पॅरोनेला पार्कला मात्र अर्धा दिवस द्या. जोसे पॅरोनेला हा स्पेनच्या कॅटालोनियातला गडी. १९१३ मध्ये ऑस्ट्रेलियात आला, ऊस तोडला, मग उसाची शेतं घ्यायची, सुधारायची, विकायची असं करत पैसा जमवला. १९२९ मध्ये मीना क्रीकच्या धबधब्याशेजारी १३ एकर जंगल १२० पौंडांना घेतलं आणि तिथं लहानपणापासून मनात असलेला किल्ला बांधायला बसला. बायको मार्गारिता बरोबर. काँक्रीट, जुने रेल्वे रूळ, वाळू, सगळं हातानं. १९३३ च्या सुमारास धबधब्यावर स्वतःची वीज केली आणि १९३५ मध्ये लोकांना खुलं केलं. सिनेमाचा हॉल, नाचाची जागा, बागा. १९४६ च्या पुरानं झोडपलं, दोन वर्षांनी तो वारला, १९७९ मध्ये आग लागली. आज भिंतींवर शेवाळ चढलंय, बुरुजाच्या कठड्यावर फर्न उगवलेत. गिलाव्यावर ठिकठिकाणी नवरा-बायकोच्या बोटांचे ठसे तसेच आहेत, मार्गदर्शक मुलीनं बॅटरी धरून दाखवले. मोठा जिना ४७ पायऱ्यांचा आहे. गुडघ्यांचं तुम्हीच ठरवा, वरूनही बरंच दिसतं.

इनिसफेलला नदीकाठी ऊसतोड्याचा संगमरवरी पुतळा, त्याच्याबद्दल पुढच्या उत्तरात. नदीत पाय घालू नका. मगरीची पाटी शोभेला लावलेली नसते. जवळच मामू लोकांच्या जंगलात झाडांच्या शेंड्यांतून जाणारा ३५० मीटरचा पूल आहे. ऊस यायच्या आधी ती सगळी भुई मामूंची. जंगल तोडून ऊस लावला तेव्हा त्यांना कसं हाकललं, हे जुन्या पाट्यांवर सहसा लिहिलेलं नाही. तिथं नोकरी करणारी मामू मुलं विचारलं तर सांगतात. विचारा.

नेण्याचं म्हणाल तर, विमानात दिलेल्या कार्डावर खाण्याचं सगळं खरं लिहा. बियाणं, ओली फळं, दूध-तुपाचे पदार्थ यांच्या वाट्याला जाऊ नका. मी येसर आणि काळा मसाला नेला, कार्डावर लिहिला, अधिकारी बाईनं पुडी उघडून वास घेतला, शिंकली आणि जा म्हणाली. खारवड्या मात्र अर्ध्या तासाच्या चौकशीनंतर सुटल्या, कारण त्या कशाच्या हे मला इंग्रजीत सांगता येईना.

तुमचा लेख वाचून वाईट वाटलं. अजिंठा-वेरूळच्या प्रदेशातल्या बाईनं परक्या देशातल्या मजुराच्या पुतळ्याचं कौतुक करावं? याला वारसा म्हणत नाहीत. (छत्रपती संभाजीनगर)

मी वारसा म्हणते. का, ते सांगते, पटलं नाही तर पुन्हा लिहा.

डिसेंबर १८९१ मध्ये तीनशेहून जास्त इटालियन माणसं टाऊन्सव्हिलला उतरली. बेटावरच्या मजुरांच्या जागी लावण्यासाठी त्यांना मुद्दाम आणलं होतं. जहाजाचं नाव होतं जम्ना. आपली जमुना! गंगा-जमुनेच्या नावाची ब्रिटिश जहाजं तेव्हा अख्ख्या जगाचे मजूर वाहत होती. पुढं माणसं येत राहिली आणि तिथल्या लोकांच्या पोटात दुखू लागलं. १९२५ मध्ये सरकारनं चौकशी आयोग नेमला. त्याच्या अहवालात उत्तर इटलीची माणसं चांगली आणि सिसिलीची हलकी असं सरळ लिहिलंय. आपल्याला ही भाषा ओळखीची आहे. १९३० मध्ये करार झाला की तोडणीच्या कामात चारातले तीन वाटे ब्रिटिश वंशाच्या लोकांना. दुसऱ्या महायुद्धात इटली शत्रू झाला तेव्हा याच ऊसपट्ट्यातून कित्येक बापे उचलून नजरकैदेत टाकले. उभा ऊस तसाच राहिला.

आणि १९५९ मध्ये क्वीन्सलंडला शंभर वर्षं झाली तेव्हा याच समाजानं इनिसफेल गावाला पुतळा भेट दिला. संगमरवरी, हातात ऊस तोडायचा सुरा. ना राजाचा, ना सेनापतीचा, ना कारखान्याच्या चेअरमनचा. आपल्याकडं कारखान्याच्या दारात कुणाचा पुतळा असतो ते तुम्हीच सांगा.

माझी त्यावरही तक्रार आहे. त्या पुतळ्याच्या गावात बेटावरच्या माणसांना तसा मान मिळायला फार वेळ गेला. इटालियन लोकांच्या हाती शेती आली, दुकानं आली, वर्गणी गोळा झाली, म्हणून संगमरवर आला. ज्यांना जहाजात घालून परत पाठवलं ते वर्गणी कुठून काढणार?

आणि परक्या मजुराचं म्हणाल तर तुम्ही राहता ते शहर वसवलं कुणी? इथिओपियात जन्मलेला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला, बगदादमार्गे दख्खनला आलेला मलिक अंबर. १६१० मध्ये त्यानं खडकी वसवली, जमिनीखालून नहर काढून पाणी आणलं. त्याची कबर खुलताबादला आहे. मागच्या वर्षी मी शाळेची सहल घेऊन गेले तर वाट दाखवणारी पाटी सापडेना. पानटपरीवाल्यानं वाट दाखवली.

अजिंठा माझाही आहे. पण अजिंठ्यात माझ्या आईचा कोयता नाही.

वडील वारले. घरात त्यांचे दोन कोयते आहेत. भंगारवाला किलोवर घेतो म्हणतो. तुमचा लेख वाचून थांबलो. काय करू? (वडवणी)

भंगारवाल्याला नाही म्हणा. त्याचे जे काही दीडशे-दोनशे होतील ते मी देते.

घासू नका. गंज सुटा होऊन पडत असेल तर कोरड्या फडक्यानं पुसा आणि पात्यावर थोडं गोडं तेल लावा, बास. पॉलिश पेपर तर अजिबात नको. एका कागदावर लिहून ठेवा: वडिलांचं नाव, आईचं नाव, कोणत्या साली कोणत्या कारखान्याला, मुकादम कोण, गाडी होती की टोळी ट्रकनं जायची, किती लेकरं फडात जन्मली. आई हयात असेल तर आजच बसून विचारा, आणि त्या दोनातला तिचा कोयता कुठला तेही विचारा. तुम्ही 'वडिलांचे दोन' असं लिहिलंय. ऊसतोडीला जोडीनं जातात, दोन कोयत्यांपैकी एक बहुधा तिचा असणार.

माझ्या वाड्यातली पुढची खोली मी रिकामी केली आहे. आत्तापर्यंत अकरा कोयते, एक मोळी बांधायचं दावं, एका बाईनं दिलेला फडातला पाळणा, म्हणजे लुगड्याची झोळी, आणि माझा तो वर्तमानपत्राचा कागद एवढं जमलंय. पुतळ्यासाठी वर्गणी मागत नाही, भिऊ नका. रविवारी सकाळी दहानंतर मी घरीच असते. एसटीनं या, स्टँडवर बाईंचा वाडा म्हणून विचारा. दोन्ही कोयते गोणपाटात गुंडाळा, नाहीतर कंडक्टर बसू देणार नाही. आणि मुठीवर चिंधी असेल, कितीही काळी-कळकट असली तरी, ती सोडू नका.